येणाऱ्याचं पाणी

आमच्या घरात पाणी दोन प्रकारचं होतं: येणाऱ्याचं आणि आपलं. आपलं म्हणजे परसातल्या बोअरचं. ते मचूळ आणि जड. चुलीवर तापवलं की हंड्याच्या आतून पांढरा थर धरायचं, आणि तो थर आई खापराच्या तुकड्याने खरवडून काढायची. त्याचा कर्रकर्र आवाज अजून माझ्या दातांत आहे. त्या पाण्यात साबणाला फेस यायचा नाही, नुसता फुटलेल्या दुधासारखा साका यायचा. तुरीची डाळ कितीही वेळ चुलीवर ठेवा, दाणा न् दाणा वेगळा राहायचा. मग आई चिमूटभर खायचा सोडा टाकायची, डाळ नाइलाजाने मऊ व्हायची, आणि तिला सोड्याची चव यायची. आम्ही भावंडं त्या चवीलाच डाळीची चव समजून मोठी झालो. आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, जेवताना बोलत नसत. डाळ फारच कच्ची राहिली तर वाटी बोटभर पुढे सरकवायचे, एवढंच. ती सरकलेली वाटी आईला शिवीसारखी लागायची.

येणाऱ्याचं पाणी पाझर तलावाखालच्या विहिरीचं. ते गोडं. ही विहीर आमच्या गावाच्या, खर्ड्याच्या बाहेर, किल्ल्याच्या पलीकडच्या अंगाला. आई पहाटे जाऊन तिथून डोक्यावर एक हंडा आणायची, तांब्याच्या घागरीत ओतायची आणि वर ओलं फडकं बांधून ठेवायची. त्या घागरीला आम्ही हात लावायचा नाही. ते पाणी पाहुण्याला, आजाऱ्याला आणि बाळंतिणीला. आम्ही बोअरचं पिऊनच वाढलो. दारात कुणी आलं, मग तो तलाठी असो की वाट चुकलेला मेंढपाळ, आधी गुळाचा खडा आणि गोड्या पाण्याचा तांब्या. "आमच्या दारातून कोनी मचूळ पानी पिऊन गेल्यालं न्हाई," हे आई अभिमानाने सांगायची, लोक आपल्या पोरांच्या नोकऱ्या सांगतात तसं. आता मी नगरला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते. इथे ओट्यावर पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे, त्याला निळा दिवा लागतो, आणि घरातली माणसं आणि दारात पार्सल घेऊन आलेला पोरगा, सगळे त्यातलंच पितात. मला त्याचं बरं वाटतं, पण घागरीवरचं ते ओलं फडकं आठवलं की आईचा अभिमान खोटा होता असंही म्हणवत नाही.

मी बारावीला गचकले होते आणि घरी बसले होते, त्या वर्षातली ही गोष्ट. दोन वर्षं आधी माझा थोरला भाऊ आण्णा संगमनेरला मोटर रिवायंडिंगचं काम शिकून आला होता. पाण्यातल्या मोटारी जळाल्या की लोक त्या बैलगाडीत, सायकलवर घालून आमच्या ओट्याशी आणून टाकायचे. आण्णा जळकी तार उपसून नवी भरायचा. आमच्या घराला त्यामुळे कायम व्हार्निशचा वास असे, आणि मोटर चालवून बघताना भांडी मांडणीवर बारीक थरथरत. संगमनेरच्या त्याच्या उस्तादानेच त्याचं लग्न जुळवलं. मुलगी संगमनेरजवळच्या अकोल्याच्याही पुढची, डांगाणातली. म्हणजे आमच्याच जिल्ह्यातली, पण तिकडे सह्याद्रीचा पाऊस कोसळतो आणि भात पिकतो. आमच्याकडे ढग येतात ते तोंड दाखवून जातात. ही सुमन वहिनी. लांब केसांची, हसताना तोंडावर पदर धरणारी, आणि माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असून मला 'शालनताई' म्हणणारी. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी ताई म्हटलं होतं, त्यामुळे मी तिच्या बाजूची झाले ती कायमचीच.

वहिनी आली आणि तिची डाळ शिजेना. सोडा घालायचा हे तिला ठाऊकच नव्हतं. आईने दाखवलं तर एकदा कमी पडला, एकदा इतका जास्त झाला की डाळ काळपट पडली आणि दादांची वाटी बोटभर नाही, चांगली वीतभर सरकली. महिन्याभरात तिच्या केसांचा सुंभ झाला. ती न्हायला बसली की साबण घासून घासून थकायची आणि डोक्यात पांढरा चिकटा राहायचा. सुरुवातीला ती सहज बोलून जायची, "आमच्या डांगाणात ना, एकदा साबन फिरवला की..." आणि आई शेजारणीकडे बघून म्हणायची, "आलं बया डांगान." मग घरात काहीही बिघडलं, अगदी कंदिलाची काच तडकली तरी, कुणीतरी "डांगाणात असं होत न्हाई" म्हणायचं आणि सगळे हसायचे. वहिनीही हसायची. नंतर तिने ते नाव घेणंच सोडून दिलं. एकदा तिने धीर करून आईला विचारलेलं मला आठवतं, डाळीपुरतं एक तांब्या गोडं पाणी घेऊ का म्हणून. आई रागावली नाही. फक्त म्हणाली, "ते येनाऱ्याचं हाय. तुला सवय हुईल." आई दुष्ट नव्हती. ती स्वतः लग्न होऊन आली तेव्हा तिलाही कुणीतरी हेच सांगितलं असणार, आणि तिला खरोखरच सवय झाली होती.

आण्णा बायकोशी चारचौघांत बोलायचा नाही. तशी पद्धतच नव्हती. पण एकदा ओट्यावर शेंगा फोडताना वहिनी मला सांगत होती, की तिच्या माहेरी नदीच्या घाटावर धुणं धुताना पाण्यात पाय सोडून बसलं की बारके मासे येऊन तळपायाला चावतात, आणि त्यांच्याकडे बघता बघता धुणं राहून जातं म्हणून आई ओरडते. आण्णा आत तार गुंडाळत होता. त्याने ऐकलं असेल असं मला वाटलंही नाही. पण आठवड्याभराने त्याने खिडकीच्या काचा कापून आणल्या, त्या चिकटवून चांगली गुडघाभर उंचीची टाकी बनवली, आणि सोप्यात, जिथे दादांचं बसायचं घोंगडं असे त्याच्या समोर, लाकडी घडवंचीवर ठेवली. आईने कपाळाला हात लावला. "माळकऱ्याच्या घरात मासं? लोक काय म्हनतील?" आण्णा म्हणाला, "खायला न्हाई आनत, बघायला आनतोय." "बघायला काय ठिवलंय माशात?" आण्णाने वहिनीकडे न बघता काचा पुसायला घेतल्या.

पहिले मासे नगरहून आले. लाल-निळी चमकती रेघ असलेले, टाचणीएवढे. चार दिवसांत सगळे पालथे. पुढच्या वेळी लांब परांचे, पतंगासारखे देखणे आणले. तेही गेले. आण्णाला तांब्याची तार घ्यायला अधूनमधून पुण्याला जावं लागायचं. पुढच्या खेपेला त्याने बाटलीत आमचं बोअरचं पाणी भरून नेलं आणि तिथल्या मासेवाल्याला दाखवलं. तो पाण्याचा जडपणा तपासायला कुठलं तरी औषध थेंबथेंब टाकत राहिला, रंग काही बदलेना, शेवटी वैतागून म्हणाला, "हे पाणी आहे का चुना? यात माझा एकही मासा जगायचा नाही." आणि मग दुकानाच्या मागच्या बाजूला बोट दाखवून म्हणाला, "हे सोडून. हे आफ्रिकेतले सिक्लिड. ह्यांच्या तळ्याचं पाणी असंच जड असतं. उलट आमच्या पुण्याच्या पाण्यात ह्यांच्यासाठी मलाच शिंपल्यांचा चुरा टाकावा लागतो." हा किस्सा आण्णाने नंतर आयुष्यभर सांगितला आणि दर वेळी त्यातला मासेवाला थोडा अधिक चकित होत गेला.

तर ते आफ्रिकेचे मासे आमच्या घरी एसटीने आले. फुगवलेल्या पिशव्या मांडीवर घेऊन आण्णा पुण्याहून जामखेडपर्यंत आणि तिथून खर्ड्यापर्यंत बसून आला, आणि वाटेत प्रत्येक प्रवाशाने त्याला ते खायचे कसे हे सांगितलं. काही लिंबासारखे पिवळे, काही निळे आणि अंगावर काळे पट्टे. मासेवाल्याने तीन गोष्टी बजावल्या होत्या. एक, ह्यांना पाला लागतो, मांसाचं काही घालायचं नाही. हे ऐकून आईचा निम्मा विरोध मावळला. "म्हंजी माळकरीच हायेत की," ती म्हणाली. दुसरं, टाकीत दगडांचा ढीग रचा आणि सगळे मासे एकदम सोडा. एकेक करून सोडले तर आधी आलेला दगड धरून बसतो आणि नंतर आलेल्याला कोपऱ्यात कोंडून मारतो. सगळे एकाच वेळी आले, की कुणाचंच घर नसतं आणि कुणी एकटा पडत नाही. आणि तिसरं, पाणी तुमचंच ठेवा. आण्णाने हे सगळं जेवताना सांगितलं. "आपलं बोअरचंच पानी चालतंय त्यांना," तो म्हणाला. वहिनी भाकरी थापत होती. तिने मान वर करून विचारलं, "चालतं की आवडतं?" आण्णा म्हणाला, "आवडतं." पहिल्यांदा तो सगळ्यांच्या देखत तिच्याशी बोलला होता. सगळे मासे एकदम सोडायचे, ही गोष्ट मात्र माझ्या डोक्यात राहिली. भरल्या घरात वहिनी एकटीच आली होती.

आम्ही ओढ्यातले काळे दगड आणून रचले. पिशव्या आधी पाण्यावर तरंगत ठेवल्या आणि मग तोंडं उघडली. अर्ध्या तासात प्रत्येकाने आपापली फट पकडली आणि भांडणं सुरू झाली. हवेच्या पंपाची गुरगुर आणि पाण्यातले बुडबुडे हा आमच्या घरातला नवा आवाज झाला. वीज गेली की तो थांबायचा आणि आपोआप सगळ्यांच्या माना टाकीकडे वळायच्या. गावातून लोक बघायला यायचे. दादा घोंगड्यावर बसून सुपारी कातरत त्यांना सांगायचे, "हे आफ्रिकेचे. आपल्या बोअरवर जगत्यात." आमच्या त्या पाण्याचं कौतुक करणारं जगात कुणीतरी निघालं, याचा सगळ्या घराला आनंद झाला होता. टाकीची कामं वहिनीकडे आली. ती मेथीची आणि पालकाची पानं उकळत्या पाण्यातून काढून दगडाखाली दाबून ठेवायची, आठवड्याला थोडं पाणी काढून तेवढंच बोअरचं घालायची, आणि ज्वारी निवडायला टाकीसमोरच बसायची. मासे काचेपाशी येऊन तिच्याकडे बघायचे. तिच्या चेहऱ्यावर घाटावरची पोरगी दिसायची.

एक पिवळी मासोळी खाईनाशी झाली ते तिनेच हेरलं. तिचा गळा खालून फुगला होता. पाला टाकला की बाकीचे झेपावायचे, ही मात्र दगडाआड तोंड मिटून उभी. आम्हाला वाटलं आता हीही जाणार. आण्णाने पुण्याला गेल्यावर विचारलं तेव्हा कळलं की तिच्या तोंडात अंडी आहेत. ही जात अंडी तोंडात धरते, त्यांतून पिल्लं निघून पोहायला लागेपर्यंत काही खात नाही. हे ऐकल्यापासून आईचं टाकीशी नातंच बदललं. तोवर ती जाता-येता "व्हय रं, भांडखोरांनो" म्हणायची. आता ती काचेला नाक लावून बसू लागली. "बघ गं शालन, तोंडात लेकरं हायेत अन् घास न्हाई. बाईच्या जातीलाच हे." एका सकाळी पिवळीच्या तोंडातून तांदळाएवढी पिल्लं बाहेर आली. सगळं घर टाकीसमोर. एक पट्टेरी जवळ आला तशी ती पिल्लं पुन्हा आईच्या तोंडात शिरली, आणि आमच्या आईने पदर डोळ्यांना लावला. मी तिला माणसांच्या मयतीतही क्वचितच रडताना पाहिलं होतं.

त्यानंतर थोड्या दिवसांत मासे मरायला लागले. आधी रंग उतरला; निळ्यांचे पट्टे पुसल्यासारखे झाले. पर अंगाशी आवळून ते पाण्याच्या वरच्या थरात धापा टाकायचे. मग एकेक जाऊ लागला. वहिनीने पाला बदलून बघितला, दगड धुतले, आण्णाने पंप उघडून साफ केला. काही उपयोग होईना. मग पिवळी गेली. आईनेच तिला तळहातावर घेऊन तुळशीच्या आळ्यात पुरलं, आणि परत येऊन हात धुता धुता म्हणाली, "एवढी लेकुरवाळी गेली. हिच्या हाताला गुनच न्हाई. डाळ न्हाई, मासं न्हाई." वहिनी दारात उभी होती. तिच्या लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं, आणि लेकुरवाळी हा शब्द तिच्या समोर सहजासहजी कुणी काढत नव्हतं. त्या दिवसापासून ती ज्वारी निवडायला परसात बसू लागली, टाकीकडे पाठ करून.

त्याच आठवड्यात तिचे वडील आले. तिच्या भावाचं लग्न ठरलं होतं आणि ते तिला न्यायला आले होते. साधे, अंगाने किरकोळ, टोपी मांडीवर ठेवून बसणारे गृहस्थ. आईने रीतीप्रमाणे गूळ दिला, घागरीतला तांब्या भरून दिला. ते दादांशी भाताच्या लावणीबद्दल बोलत होते. वहिनी टाकीतलं पाणी बादलीत काढत होती, जायच्या आधी एकदा टाकी साफ करून जाते म्हणाली. आमच्याकडे काढलेलं पाणी फेकायची पद्धत नाही. त्यातच हात धुवायचे, मग ते झाडाला घालायचं. ती बादली घेऊन मोरीवर गेली. हातावर शेवाळ होतं म्हणून तिने साबण घेतला.

ती बाहेर आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत फेसाने भरलेले होते. पांढराशुभ्र, फुगलेला फेस. आमच्या घरात तसा फेस मी कधी पाहिला नव्हता. ती ते हात पुढे धरून तशीच सोप्यात येऊन उभी राहिली. सासऱ्यांसमोर, वडिलांसमोर, डोक्यावरचा पदर घसरलेला.

"हे आपलं पानी न्हाई," ती म्हणाली.

"कोनतं?" आण्णाने विचारलं.

"टाकीतलं. आपल्या बोअरला कधी असा फेस आलाय का? हे हिरीचं पानी हाय."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आई चुलीपाशी होती. ती उठून आली. "म्या घातलं," ती म्हणाली. तिच्या आवाजात चोरी पकडल्याचं काही नव्हतं, उलट जरा तोराच होता. "पिल्लं झाल्यापास्नं रोज पहाटं एक बादली काढायची अन् घागरीतलं गोडं घालायची. त्यात काय वाईट केलं?"

आण्णा डोकं धरून बसला. "आगं, मी सांगितलं हुतं ना? त्यांना आपलंच पानी चालतंय म्हनून!"

"चालतंय तर पाव्हना बी म्हनतो," आई म्हणाली. "कोन पाव्हना म्हनतो, मला मचूळ नगं, गोडं दे? चालतंय म्हनला म्हनून काय बी द्यायचं व्हय? एवढ्या लांबून आल्यात ती. त्यात ती बाळंतीन. तिला मचूळ पाजू?"

मला अजूनही वाटतं, तिच्या जागी ती बरोबर होती. तिने जे सगळ्यांत चांगलं होतं ते दिलं होतं, स्वतःच्या डोक्यावरून आणून दिलं होतं, आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. त्याच पाण्याने मासे मेले. त्यांना ते हलकं पाणी सोसलं नाही.

वहिनी हळूच म्हणाली, "मी बी लांबूनच आले हुते, आत्याबाई."

आईला आधी समजलंच नाही. "म्हंजी?"

"माझे केस गेले. माझी डाळ शिजंना म्हनून रोज ऐकलं. एक तांब्या पानी मागितलं तर तुमी म्हनलात, ते येनाऱ्याचं हाय." तिचा आवाज चढला नव्हता, पण फेस मनगटावरून खाली ठिबकत होता आणि ती तो पुसत नव्हती.

"आगं, तू काय पाव्हनी हाईस का? तू घरची."

"घरची हाय तर माझ्या हाताला गुन न्हाई असं कसं म्हनता?"

वहिनीच्या वडिलांच्या हातात तांब्या होता, अर्धा प्यायलेला. त्यांनी तो जमिनीवर ठेवला आणि टोपी डोक्यावर घातली. तिसऱ्या प्रहरच्या गाडीने ती दोघं गेली. निघताना वहिनी टाकीपाशी थांबली आणि आण्णाला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "एकदम सगळं पानी बदलू नका. रोज थोडं थोडं बोअरचं घाला. न्हाईतर उरल्यालं बी जातील." परत कधी येणार हे तिने सांगितलं नाही. आईने विचारलंही नाही.

उरलेले मासे जगले. पट्टे परत आले, भांडणं परत सुरू झाली, आणि दगडांच्या फटींतून पिवळीची दोन-तीन पिल्लं बाहेर डोकावू लागली. माणसांचं मात्र तसं झालं नाही. भावाचं लग्न होऊन गेलं, पुढे कितीतरी दिवस गेले, वहिनीचा निरोप नाही. आण्णा दिवसभर मोटारी उघडायचा. आई त्याला म्हणाली, "जा की, घिऊन ये तिला." तो तार गुंडाळता गुंडाळता, मान वर न करता म्हणाला, "तुझ्या टाकीतल्या पाव्हन्यांचं मी बघतोय. माझ्या बायकोचं तू बघ." आण्णा आईला असं कधी बोलला नव्हता. सासूने सुनेला आणायला जायचं हे आमच्यात कुणी ऐकलेलं नव्हतं. आईने दोन दिवस भांडी आदळली. तिसऱ्या दिवशी तिने नवं लुगडं नेसलं, मला म्हणाली, "चल," आणि आम्ही जामखेड, नगर, संगमनेर करत, गाड्या बदलत अकोल्याला आणि तिथून पुढे गेलो. संगमनेरला प्रवरेचा पूल लागला तेव्हा ती खिडकीतून बघत म्हणाली, "पानी बघ की केवढं."

वहिनीच्या माहेरी आम्हाला बघून पळापळ झाली. वहिनी दारातून आत गेली. तिच्या आईने हातपाय धुवायला पाणी दिलं, साबणाची वडी दिली. आईने सवयीने साबण भरपूर घासला आणि फेसच फेस झाला. ती धुवू लागली. एक तांब्या ओतला, दुसरा ओतला, हात आपले बुळबुळीतच. "निघंना की गं," ती माझ्याकडे बघून म्हणाली, अगदी लहान पोरीसारखी. मला हसू आलं आणि वहिनीच्या आईलाही. मग जेवायला बसलो. भात आणि त्यावर तुरीचं वरण, वरून तूप. आईने पहिला घास घेतला आणि थांबली. बोटांनी वरण चेपून बघितलं. त्यात दाणाच नव्हता.

"सोडा किती घातलाय?" तिने विचारलं.

वहिनीच्या आईला प्रश्न कळला नाही. "सोडा? वरणात कशाला सोडा?"

आई खाली बघून जेवत राहिली. ताटातलं सगळं संपवून तिने बोट चाटलं, जे ती परक्या घरी कधी करत नसे. मग आतल्या दाराकडे बघून, जिथे वहिनीच्या साडीचा काठ दिसत होता, म्हणाली, "सुमन, हिकडं ये." वहिनी येऊन उभी राहिली. तिचे केस पुन्हा मोकळे, मऊ दिसत होते. आई तिच्या केसांकडेच बघत होती. "तुझ्या हाताला गुन हाय," ती म्हणाली. "मला ठावं नव्हतं. मला वरन असं असतं हेच ठावं नव्हतं." मग म्हणाली, "घरी चल. डाळीला पानी मी आनीन."

"तुमी कशाला? मी आनते की."

"न्हाई. हीर लांब हाय. मी आनीन."

वहिनी लगेच हो म्हणाली नाही. तिने विचारलं, "मासं कसं हायेत?" मी म्हटलं, पिवळीची पिल्लं मोठी झालीत. तेव्हा ती माझ्याकडे बघून हसली, तोंडावर पदर न धरता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी घेऊन आमच्या आधी ओट्यावर येऊन बसली होती.

आईने शब्द पाळला. नळ येईपर्यंत कैक वर्षं ती पहाटे दोन खेपा करायची. एक घागरीची, एक डाळीची आणि वहिनीच्या न्हाण्याची. पहिल्या दिवशी वहिनीने वाढलेलं वरण दादांनी खाल्लं, वाटी उचलली आणि सरकवायच्या ऐवजी पुढे धरली. वहिनीने परत वाढलं. वर्षभराने घरात खरी बाळंतीणही आली, ती म्हणजे वहिनीच, आणि तिला घागरीतलं पाणी मिळालं, पण तोवर त्याचं कुणाला विशेष वाटेनासं झालं होतं.

टाकी अजून आहे, नवी, मोठी, भाचा सांभाळतो. त्यात अजून बोअरचंच पाणी घालतात. माणसं मात्र जारचं पितात. आईच्या शेवटच्या आजारपणात मी खर्ड्याला जाऊन राहिले होते. तिला अंथरुणावरून उठवत नव्हतं. समोर टाकी दिसेल अशी तिची खाट लावली होती. एका दुपारी तिने पाणी मागितलं. वहिनी, आता केस पांढरे झालेली, जारमधून पेला भरून घेऊन आली आणि तिच्या मानेखाली हात घातला. आईने पेल्याकडे बघून मान फिरवली.

"मला कशाला हे चांगलं? बोअरचं दे. मी काय पाव्हनी हाय का?"

"न्हाई ना," वहिनी म्हणाली. "म्हनूनच."

तिने पेला आईच्या ओठांशी धरला. आईने तोंड उघडलं.